ब्राँझचा पुतळा की फायबरवर ब्राँझचा रंग?

कृष्णाकाठी
नमस्कार मंडळी. आमच्या शाळेला पुढच्या वर्षी शंभर वर्षं होतायत. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून संस्थापक गुरुजींचा अर्धपुतळा बसवायचं ठरवलंय. शाळेच्या आवारात, उघड्यावर. आता समितीत दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, फायबरचा करा, वरून ब्राँझचा रंग मारा, दहा फुटांवरून कुणाच्या बापाला कळणार नाही, आणि उरलेल्या पैशात प्रयोगशाळेचं छप्पर होईल. दुसरा म्हणतो, गुरुजींना प्लॅस्टिकात उभं करणार असाल तर आमची वर्गणी परत करा. मी खजिनदार, त्यामुळे दोन्ही तट माझ्याच घरी चहाला येतात.

दोघा शिल्पकारांकडून दर मागवले, तर फायबर आणि ब्राँझ यांत कित्येक पटींचा फरक निघाला. हा फरक कशाचा? धातूचा की मेहनतीचा? ब्राँझचा पुतळा होतो कसा, टिकतो किती, आणि पूर्वीपासून सगळे ब्राँझच्याच मागे का? जाणकारांनी लिहावं. फाटे फोडायला हरकत नाही, नाहीतरी फुटणारच आहेत.

निवांतपंत
फायबर. पुढचा प्रश्न?

चिंचगूळ
पंत, लग्नात अंतरपाट धरल्यावरही तुम्ही 'सावधान. पुढचा विधी?' असंच म्हणाला असाल.
वाचतेय.

छिन्नीहातोडी
मी शिल्पकार आहे, पोट यावरच चालतं, तेव्हा माझं मत त्या हिशोबानेच घ्या.

फरक धातूचा आहेच, पण मेहनतीचा जास्त. आधी सळ्यांच्या सांगाड्यावर मातीत पुतळा घडतो आणि त्यावरून साचा काढतात. इथपर्यंत फायबर काय, ब्राँझ काय, सारखंच. फायबरवाला त्या साच्यात रेझिन आणि काचतंतूचे थर देतो, घासतो, रंगवतो, मोकळा होतो. ब्राँझवाल्याचं काम तिथून पुढे सुरू होतं.

साच्याच्या आत वितळलेलं मेण फिरवून पाच-सहा मिलिमीटरचा थर बसवायचा. साचा उघडला की मेणाचा पोकळ पुतळा मिळतो, नारळाच्या करवंटीसारखा. तो हाताने दुरुस्त करायचा. साच्याच्या जोडाच्या रेषा काढायच्या, बुडबुड्यांची भोकं बुजवायची, पापणीची कड धारदार करायची. इथे कंटाळा केला तर तेच काम पुढे धातूत करावं लागतं, आणि धातू हाताला दाद देत नाही. मग मेणाच्याच कांड्या चिकटवायच्या. काहींतून धातू आत येणार, त्यांना आम्ही रनर म्हणतो. काहींतून हवा बाहेर जाणार, ते रायझर. सगळं कसब इथे लागतं. हनुवटीखाली हवा कोंडली तर गुरुजी बिनहनुवटीचे निघतात.

मग पोकळीत गाभा भरायचा, बाहेरून प्लॅस्टर आणि विटकरीच्या पुडीचा जाड लेप द्यायचा. मेण गेल्यावर गाभा अधांतरी राहील, म्हणून तो आधीच आरपार खिळ्यांनी टाचून ठेवायचा. हा सगळा गोळा भट्टीत घातला की मेण वितळून निघून जातं आणि मेणाची जागा रिकामी राहते. साचा दिवसचे दिवस भाजावा लागतो. कणभर ओल राहिली आणि त्यावर अकराशे अंशांचा रस पडला, तर वाफेने साचा फुटतो आणि समोरच्याच्या अंगावर येतो.

प्रत्यक्ष ओतणं काही मिनिटांत संपतं. नंतर साचा फोडायचा, कांड्या कापायच्या, खिळ्यांची भोकं बुजवायची, तुकडे वेल्ड करायचे, आणि त्या वेल्डवर छिन्नीने पुन्हा केसांचा किंवा कापडाचा पोत उठवायचा. हे कित्येक आठवडे चालतं. शेवटी पॅटिना. पुतळा टॉर्चने तापवून त्यावर रसायनं मारायची. लिव्हर ऑफ सल्फरने तपकिरी-काळा येतो, फेरिक नायट्रेटने तांबूस, कॉपर नायट्रेटने हिरवा. वरून मेणाचा हात.

आपल्याकडे सरकारी कामांत बहुतेकदा ८५-५-५-५ मागतात: ८५ टक्के तांबं आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५. अर्धपुतळा चाळीस-पन्नास किलोंच्या घरात जातो. आता तांब्याचा भाव बघा आणि बाकीचं आमच्या पाठीला विचारा.

वेल्डिंगवाले_काका
सुंदर प्रतिसाद. मी कारखान्यात पंप-व्हॉल्व्हचं ओतकाम पाहिलंय, त्यामुळे भर घालतो. नुसतं तांबं का ओतत नाहीत? एक तर ते १०८५ अंशांना वितळतं. दुसरं, वितळलेलं तांबं हवेतले वायू पितं आणि थंड होताना ओकतं, त्यामुळे माल स्पंजासारखा सच्छिद्र निघतो. शिवाय रस जाड, कोपऱ्यात शिरत नाही. दहा टक्के कथील घाला, की वितळबिंदू हजाराच्या आसपास उतरतो, रस पातळ होतो, बोटांच्या पेरांपर्यंत पोचतो आणि थिजल्यावर तांब्यापेक्षा कठीणही होतो. 'पूर्वीपासून ब्राँझच का' याचं निम्मं उत्तर एवढंच आहे.

प्रवराकाठ
उरलेलं निम्मं आमच्या नगर जिल्ह्यात पुरलेलं होतं. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. १९७४ साली तिथल्या एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं खोड खणताना चार वस्तू सापडल्या: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रानरेडा. चारही मिळून साठ किलोंच्या वर. रथ ४५ सेंटिमीटर लांब, त्यात उभा असलेला माणूस १६ सेंटिमीटरचा. रथाच्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे, तो लोक बघतच नाहीत. मालकाआधी कुत्रा गाडीत, हे आपल्याकडे तेव्हापासून आहे!

मोहेंजोदडोची ती प्रसिद्ध नर्तकी, १९२६ साली सापडलेली, फक्त १०.५ सेंटिमीटरची आहे. पुस्तकात पानभर फोटो छापतात, म्हणून आपल्याला ती मोठी वाटते. त्या मानाने दायमाबादचा ऐवज बघा. तरी पाठ्यपुस्तकात नर्तकीला अख्खा परिच्छेद आणि दायमाबादला एक ओळ.

मूषकपुराण
प्रवराकाठ, अभिमान बरोबर आहे, पण थोडं मीठ घालतो. ती चार शिल्पं पुरातत्त्वज्ञांना उत्खननाच्या थरात मिळालेली नाहीत, म्हणून काळावरून वाद झाला. ढवळीकरांसारखे अभ्यासक त्यांना उत्तर हडप्पाकालीन मानतात. डी. पी. अग्रवालांनी धातूच्या तपासणीवरून शंका काढली. यांत आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त आहे, आणि आपल्याकडच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत असं मिश्रण दिसत नाही. म्हणजे काटेकोर बोलायचं तर हे कथलाचं ब्राँझ नव्हेच, आर्सेनिकयुक्त तांबं आहे.

प्रवराकाठ
मूषकराव, साठ किलोंचा ऐवज समोर असताना तुम्ही एक टक्का धरून बसलात. शंका घ्या, पण पुढे दायमाबादला रीतसर उत्खननही झालं आणि तिथे उत्तर हडप्पाकालीन वस्ती मिळाली, हेही लिहा की.

रंकाळ्याचा_वारा
आमच्या कोल्हापूरला विसरू नका. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५ च्या सुमारास उत्खनन झालं, त्यात रोमन बनावटीच्या ब्राँझच्या वस्तू निघाल्या. त्यांतला पोसायडन, म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव, टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये आहे. समुद्राचा देव घाट चढून आला तो तांबडा-पांढरा खायलाच, अशी आमची समजूत आहे.

मूषकपुराण
घाट चढून आला तो व्यापाऱ्यांच्या गाठोड्यातून. सातवाहनांचा रोमशी व्यापार. बाकी तांबड्या-पांढऱ्याबद्दल पुरावा द्या.

कावेरीतीरे
नोकरीनिमित्त चेन्नईत असतो. कुंभकोणमजवळ स्वामिमलैला स्थपतींच्या, म्हणजे पारंपरिक मूर्तिकारांच्या, कार्यशाळेत जाऊन बसण्याचा योग आला, त्याबद्दल लिहितो. तिथली पद्धत छिन्नीहातोडींनी सांगितलेल्या पद्धतीहून एका मूलभूत बाबतीत वेगळी आहे. तिथे मातीचा मूळ पुतळा नसतो आणि त्यावरून काढलेला साचाही नसतो. मूर्ती थेट मेणात घडते, आणि भरीव ओततात. मधमाशांचं मेण, राळ आणि थोडं शेंगदाण्याचं तेल. मोजायला पट्टी नाही. नारळाच्या झावळीची एक पाती मूर्तीच्या उंचीएवढी कापतात आणि तिच्या घड्या घालून चेहरा एवढा, गळा एवढा, छाती एवढी अशी तालमानाची मापं पाडतात. घडीच्या खुणेवर मेण आलं की नाही, हे म्हातारे स्थपती बोट फिरवून सांगत होते, डोळे दुसरीकडे.

मेणावर पहिला लेप कावेरीच्या गाळाच्या मऊ मातीचा, तांदळाच्या तुसाची राख घालून. हा इतका पातळ की मेणावरची नखाची रेघही मातीत उतरते. मग जाडीभरडी माती, मग तारेचे वेढे. गोवऱ्यांवर तापवून मेण काढतात, साचा जमिनीत पुरतात आणि वरून रस ओततात. साचा एकदाच वापरायचा, फोडला की संपला. त्यामुळे दुसरी मूर्ती हवी तर पुन्हा मेणापासून सुरुवात. डोळे अगदी शेवटी उघडतात, त्याला वेगळा विधी असतो.

आणि हो, मराठी माणसाने तिथे जायला आणखी एक कारण आहे. तंजावरच्या राजवाड्यातल्या कलादालनात चोळ ब्राँझ आहेत. ज्या वाड्यात आपल्या भोसल्यांनी दीडशेहून जास्त वर्षं राज्य केलं, तोच वाडा. तिरुवेंकाडूचा वृषभवाहन शिव तिथे आहे, १०११ सालचा. उजवा हात नंदीच्या पाठीवर टेकलेला, पण नंदी आता नाही. डोक्यावर सापांचा फेटा. नंदी नाही हे सांगितल्याशिवाय जाणवत नाही, इतका तो माणूस ऐटीत उभा आहे. माणूसच म्हणतो, देव म्हणवत नाही.

चिंचगूळ
कावेरीतीरे, शेवटची ओळ फार आवडली. पुतळा आणि मूर्ती दोन्ही अशीच होते का? मंदिरातल्या मूर्ती दगडाच्या असतात ना?

कावेरीतीरे
धन्यवाद चिंचगूळताई. गाभाऱ्यातली मूर्ती दगडाची, ती हलत नाही. ब्राँझच्या असतात त्या उत्सवमूर्ती, मिरवणुकीच्या. म्हणून त्यांच्या पायथ्याला भोकं किंवा कड्या असतात, दांडे घालून खांद्यावर घ्यायला. संग्रहालयात उघड्या दिसतात, पण देवळात त्या रेशीम, दागिने आणि फुलांनी झाकलेल्या असतात. जी कंबर बघायला जग रांगेत उभं राहतं, ती मूळ भक्तांना बहुधा दिसतही नव्हती.

सुवर्णकण
आमच्याकडे देव्हाऱ्यात पंचधातूचा बाळकृष्ण आहे. पंचधातूत सोनं-चांदी असते, त्यामुळे तो कधी काळा पडत नाही. ब्राँझपेक्षा शाळेने पंचधातूचाच करावा, शुभ असतं.

वेल्डिंगवाले_काका
काळा पडत नसेल तर घरातलं कुणीतरी रोज पितांबरी लावत असणार. जुन्या मूर्तींची तपासणी होते तेव्हा मुख्यतः तांबं, कथील आणि शिसंच निघतं. सोनं-चांदी घातली तर नावापुरती, श्रद्धेची. आजही यजमान भट्टीवर जाऊन वळं-अंगठी मुशीत टाकतात. त्याने धातूच्या गुणात फरक पडेल एवढं सोनं कोण टाकणार?

सुवर्णकण
श्रद्धेचे मोजमाप प्रयोगशाळेत होत नसते. असो.

मूषकपुराण
श्रद्धा बाजूला, मोजमाप मात्र होतं, आणि ते आपल्या शेजारच्याच राजाने लिहून ठेवलंय. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, बाराव्या शतकातला. त्याच्या मानसोल्लासात मेण घालवून मूर्ती ओतायची कृती आहे. मेण आधी तोलायचं, आणि त्याच्या आठपट पितळ किंवा तांबं, बारापट चांदी, सोळापट सोनं घ्यायचं. म्हणजे रस कमी पडत नाही आणि उरतही नाही. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, उदगीरहून फार लांब नाही.

ओताऱ्याचा_नातू
आठपट नाही, नऊपट. आजोबा देवळाच्या घंटा आणि समया ओतायचे, त्यांचा हिशोब शेराला नऊ शेर. कांड्यांमध्ये रस अडकतो, मुशीच्या तळाला राहतो, थोडा जळतो. राजाने मोजलं असेल, ओतलं नसेल.

घंटेत कथील वीस टक्क्यांच्या आसपास, म्हणून ती वाजते आणि आपटली तर तडकतेही. पुतळ्याला तेवढं कथील चालत नाही, छिन्नी लागत नाही त्याला. आजोबा रसाचा रंग बघून ओतायचे, थर्मामीटर नव्हता. भट्टी लागली की घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही, आणि पावसाळ्यात काम बंद. लोकांना वाटायचं शकुन-अपशकुन. कारण वर लिहिलंय तेच, ओला साचा.

निवांतपंत
आता धाग्यात मजा यायला लागली. ओताऱ्याचे नातू, लिहीत राहा.

तिकडची_मराठी
इटलीत शिकायला आहे, म्हणून ग्रीकांची बाजू मांडते. ते भरीव नाही, पोकळ ओतायचे, आणि हात, पाय, डोकं वेगवेगळं ओतून जोडायचे. १९७२ साली कालाब्रियाच्या किनाऱ्याजवळ रिआचे इथे समुद्राच्या तळाशी दोन योद्धे सापडले, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातले, पुरुषभर उंचीपेक्षा मोठे. ओठ तांब्याचे, म्हणजे बाकीच्या अंगाहून लालसर. त्यांतल्या एकाचे दात चांदीचे आहेत, ओठ किंचित उघडे असल्यामुळे दिसतात. आपण ब्राँझ म्हणजे एकरंगी, गंभीर, काळपट असं समजतो. त्यांचं ब्राँझ उन्हात झळकणारं होतं.

समुद्रात का सापडले? कारण जमिनीवर राहिलेले जवळपास सगळे वितळवले गेले. रोममधला मार्कस ऑरेलियसचा घोडेस्वार पुतळा वाचला तो केवळ पुढच्या काळातल्या लोकांना तो ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टंटाइन वाटला म्हणून.

आणि फ्लॉरेन्सचा शिल्पकार चेल्लिनी! परसियसचा पुतळा ओतताना रस थिजायला लागला, तेव्हा त्याने घरातल्या जस्त-कथलाच्या ताटल्या-वाट्या, दोनशेच्या आसपास, भट्टीत झोकल्या आणि पुतळा वाचवला. हे त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहिलंय, त्यामुळे थोडं वजा करून वाचा. पण कथिलाने रस पातळ होतो हे काकांनी वर सांगितलंच आहे, म्हणजे युक्ती बरोबर होती.

वेल्डिंगवाले_काका
बरोबर, पण ताटल्या कथिल-शिशाच्या असणार, प्यूटर म्हणतात त्याला. जस्त नको त्यात. बाकी आमच्या हिच्यासमोर हा किस्सा वाचू नये, भांड्यांचा विषय आहे.

दौलताबादी
वितळवण्यावरून तोफांचा विषय काढल्याशिवाय राहवत नाही. पुतळा, घंटा आणि तोफ, तिन्ही एकाच धातूचे, त्यामुळे युद्ध आलं की पुतळ्याची आणि घंटेची तोफ होते. लिओनार्दोने मिलानच्या ड्यूकसाठी प्रचंड घोडा करायला घेतला होता. त्याचं ब्राँझ १४९४ साली तोफांसाठी गेलं आणि मातीचा घोडा पुढे फ्रेंच तिरंदाजांनी नेमबाजीला वापरला.

आपल्याकडची मलिक-ए-मैदान आज विजापुरात आहे, पण ओतली ती अहमदनगरला, निजामशाहीत, १५४९ साली. ओतणारा मुहम्मद बिन हसन रूमी. वजन ५५ टनांच्या आसपास. तोंड म्हणजे जबडा वासलेला सिंह, आणि त्या दातांत हत्ती चिरडतोय. ही तोफ आहे की शिल्प, तुम्हीच ठरवा. माझ्या मते महाराष्ट्रात ओतलेलं सगळ्यात दांडगं ब्राँझ शिल्प ते. नगरकरांनो, दायमाबादच्या जोडीला हेही घ्या.

प्रवराकाठ
घेतलं! आणि विजापूरकरांनी परत द्यावी.

गल्लीक्रिकेट
एक शंका. घोड्याचे दोन्ही पाय वर असतील तर स्वार लढाईत मेलेला, एक पाय वर असेल तर जखमी होऊन गेलेला, चारही जमिनीवर असतील तर नैसर्गिक मृत्यू. हे खरं ना?

रंकाळ्याचा_वारा
व्हॉट्सॲप विद्यापीठ. कोल्हापुरात कावळा नाक्यावर ताराराणींचा पुतळा आहे, रवींद्र मेस्त्रींचा. घोडा मागच्या दोन पायांवर. ताराराणी १७६१ साली साताऱ्यात वृद्धापकाळाने गेल्या. झाला नियम निकालात.

छिन्नीहातोडी
घोड्याचे पाय शिल्पकार ठरवतो, आणि त्याला ते तोल ठरवू देतो. दोन पायांवरचा घोडा म्हणजे सगळं वजन मागे. माद्रिदला ताक्काने केलेला चौथ्या फिलिपचा घोडा आहे, १६४० चा. मागचा भाग भरीव आणि पुढचा पोकळ ठेवून तोल साधलाय. तो हिशोब गॅलिलिओने सांगितला असं मानतात.

आपल्याकडे ज्याने त्याने जाऊन बघावा तो पुण्याचा शिवरायांचा पुतळा, श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला. नानासाहेब करमरकरांचा. कल्पना शाहू महाराजांची, पायाभरणी १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते. शाहू महाराज १९२२ मध्ये गेले, काम रेंगाळलं, अनावरण १९२८ मध्ये. एवढा मोठा घोडेस्वार माझगावला एकसंध ओतला. आज आम्ही अर्धपुतळासुद्धा दोन-तीन तुकड्यांत ओतून जोडतो, आणि त्यांनी ते धाडस शंभर वर्षांपूर्वी केलं. घोड्याच्या मानेवरच्या शिरा जवळून बघा. मातीत उठवलेली बोटं धातूत जशीच्या तशी आहेत. अलिबागजवळ सासवण्याला त्यांच्या घरीच संग्रहालय आहे, तिथेही जा.

पेठेतला
अवांतर: पायाभरणीला आलेला तो प्रिन्स ऑफ वेल्स हा मुंबईच्या काळ्या घोड्यावर बसलेल्या राजाचा नातू. सातवा एडवर्ड, १८७९ चा पुतळा, आल्बर्ट ससूनने दिलेला. १९६५ मध्ये तो उचलून राणीच्या बागेत नेला. नाव मात्र घोड्याचं राहिलं, राजाचं नाही.

गल्लीक्रिकेट
मग मालवणचा शिवरायांचा पुतळा का पडला? २०२३ च्या डिसेंबरात अनावरण, २०२४ च्या ऑगस्टात भुईसपाट. ३५ फुटी पुतळा नऊ महिने टिकत नाही आणि हे म्हणे ब्राँझ हजारो वर्षं टिकतं. यात खरे दोषी आहेत ते

व्यवस्थापक
वरील प्रतिसादाचा राजकीय भाग काढला आहे. त्यासाठी स्वतंत्र धागे आहेत, तिथे जावे. येथे तांत्रिक चर्चा चालू ठेवावी.

वेल्डिंगवाले_काका
तांत्रिकच बोलू. ब्राँझ टिकतं, आतलं लोखंड टिकत नाही. मोठा पुतळा म्हणजे बाहेर ब्राँझचं पातळ कवच आणि आत पोलादी सांगाडा. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये खारट ओल आली की बॅटरी तयार होते, आणि त्यात बळी जातं ते लोखंड. समुद्रकाठी तर विचारूच नका.

न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेचं हेच झालं होतं. ती ओतीव नाही. तांब्याचे पत्रे ठोकून आकाराला आणलेत, आपल्या तांबट आळीच्या पद्धतीने. आत लोखंडी पट्ट्या, मध्ये ॲस्बेस्टॉस. शंभर वर्षांत ॲस्बेस्टॉस झिजलं, पट्ट्या गंजून फुगल्या. १९८४ ते ८६ मध्ये त्या बदलून स्टेनलेस स्टीलच्या घातल्या आणि मध्ये टेफ्लॉन दिलं. सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा, आपल्या धुळ्याच्या गोंदूरच्या राम सुतारांचा, त्यातही भार घेतं ते काँक्रीट आणि पोलाद. ब्राँझचे पत्रे नुसते अंगरख्यापुरते, आणि तेही चीनमध्ये ओतलेले.

गुरुजींच्या अर्धपुतळ्याला हा धोका जवळजवळ नाही. पण चबुतऱ्यात बसवायचे बोल्ट स्टेनलेसचे घ्या. लोखंडी घेतलेत तर संगमरवरावर तांबूस ओघळ उतरतील.

सोसायटीची_सेक्रेटरी
मूळ प्रश्नाकडे येऊ का? आमच्या वसाहतीत उद्यानात फायबरचा अर्धपुतळा बसवला, ब्राँझच्या रंगाचा. पहिली दोन वर्षं कुणालाही कळत नव्हतं. मग पश्चिमेकडचा गाल फिकट झाला. उन्हाने रंग गेला आणि रेझिनमधले काचतंतू दिसायला लागले. पुन्हा रंगवला तर रंगाऱ्याने सोनेरी मारला, आता ते पुढारी कमी आणि सुवर्णपदक जास्त दिसतात. एका मुलाचा चेंडू लागून कानाची पाळी उडाली, ती एम-सीलने लावली आहे. छपराखाली ठेवणार असाल तर फायबर चालेल, उघड्यावर नको.

निवांतपंत
पण ताई, ब्राँझ चोरीला जातं त्याचं काय? इंग्लंडात शिल्पकार हेन्री मूरने घडवलेला दोन टनांचा पुतळा २००५ मध्ये क्रेन आणून रातोरात नेला. पोलिसांच्या मते भंगारात वितळवला. कलाकृती म्हणून किंमत कोट्यवधींची, भंगारात किरकोळ. गुरुजींना कुणी क्रेन आणणार नाही, मोटरसायकल पुरेल. फायबर कुणी चोरत नाही, हा फायबरचा मोठेपणा.

ओताऱ्याचा_नातू
चोरी होते खरी. आजोबांनी ओतलेली घंटा गावच्या देवळातून दोनदा गेली. दुसऱ्यांदा ज्याने नेली तो तडकलेली आहे म्हणून विकायला आमच्याच दारात आला होता.

चिंचगूळ
मग???

ओताऱ्याचा_नातू
आजोबांनी भाव विचारला, चहा दिला आणि मला पोलीस पाटलाकडे पिटाळलं.

कृष्णाकाठी
सगळ्यांचे आभार. धाग्याची प्रिंट काढून बैठकीत वाटली, पंतांचे प्रतिसाद वगळून. तोडगा असा निघालाय की अर्धपुतळ्याऐवजी ब्राँझचं उठावशिल्प करायचं, मुख्य इमारतीच्या दर्शनी भिंतीवर. खर्च कमी येतो, चोरायला भिंत फोडावी लागेल, आणि छपराचे पैसेही थोडे उरतात. आता नवा वाद: गुरुजींचा चष्मा धातूत करायचा की करायचाच नाही? फोटोत सगळीकडे चष्मा आहे. आणि शिल्पकाराशी करार करताना काय लिहून घ्यावं?

छिन्नीहातोडी
उठावशिल्प ही उत्तम निवड. त्याला मेणही लागत नाही, वाळूच्या साच्यात ओतता येतं, दर आणखी खाली येईल. चष्मा जरूर करा. पूर्ण पुतळ्यात आम्ही काड्या वेगळ्या करून जोडतो आणि पोरं त्या मोडतात. उठावात तो चेहऱ्यालाच चिकटून येतो, मोडत नाही. काचा करू नका, नुसती कडी. आत डोळे मोकळे राहू देत.

करारात एवढं घाला. मिश्रणाचं प्रमाण लिहून घ्या आणि कांडीचा कापलेला तुकडा प्रयोगशाळेत तपासायला तुम्ही उचलाल, हेही लिहा. पितळ खपवणारे आहेत. कमीत कमी जाडी लिहा. मातीचं काम मंजूर केल्याशिवाय साचा काढायचा नाही, आणि मंजुरीला गुरुजींना प्रत्यक्ष पाहिलेली दोन म्हातारी माणसं आणा, समिती नको. समितीतला प्रत्येकजण नाक थोडं बदलायला सांगतो. ब्राँझ थंड होताना दीड टक्क्याच्या आसपास आक्रसतं, मापं त्या हिशोबाने ठरवा. साचा काम झाल्यावर कुणाकडे राहणार ते लिहा, नाहीतर गुरुजी तीन गावांत दिसतील. आणि पैसे: एक हप्ता माती मंजूर झाल्यावर, एक ओतल्यावर, शेवटचा भिंतीवर चढल्यावर. शेवटचा हप्ता शिल्पकाराला वेळेवर द्या. हे मी सगळ्या शिल्पकारांच्या वतीने लिहितोय.

सोसायटीची_सेक्रेटरी
वर्षातून एकदा साबणाच्या पाण्याने धुऊन मेणाचा हात मारायचा, हेही शिपायाच्या कामांत लिहून ठेवा. आणि पितांबरी लावू देऊ नका, पॅटिना एका दिवाळीत जाईल.

नवीन_सदस्य_पाटील
सगळा धागा वाचला नाही, वेळ नव्हता. पण दगडाचा विचार केलात का?